नजरेला बांधलेली गन

दुपारी जेवणानंतर डुलकी लागली की उत्तरेश्वर हमखास पुण्यावरून उडत. हेलिकॉप्टर तेच, लढाईतलं जुनं. आखूड पंखांखाली रॉकेटं, नाकाखाली गन. फक्त आवाज नसे. खाली मंडई दिसायची, टोमॅटोचे ढीग दिसायचे, ढिगामागे पेंगणारी बाई दिसायची. टोमॅटोंकडे पाहिलं की गन टोमॅटोंकडे वळायची. बाईकडे पाहिलं की बाईकडे. मग ते स्वप्नातच डोळे मिटून घ्यायचे आणि तसेच ढगांतून तरंगत राहायचे. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या घरावरून लोहगावकडे जाणारं खरं हेलिकॉप्टर गेलं की फडताळातले डबे थरथरायचे, आणि त्यांना जाग यायची.

हवाई दलातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. माणूस सज्जन, पण बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे नाहीतर मागच्या भिंतीकडे बघणार. सोसायटीत याला शिष्टपणा म्हणत. बायकोला, कौशल्याबाईंना, सवय झाली होती. "कॅलेंडर पाठ झालं असेल तर जावयांना चहा हवाय का ते विचारा," असं त्या शांतपणे म्हणत आणि आपल्या कामाला लागत.

पण आता घरात नात आली होती आणि भिंतीकडे बघून भागण्यासारखं नव्हतं. लेक अपूर्वा बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, सव्वा महिना उलटला. उत्तरेश्वरांनी या काळात पाळण्याच्या दोऱ्या पाहिल्या, दुपट्याची किनार पाहिली, एकदा चुकून बाळाची टाच पाहिली आणि दिवसभर बेचैन झाले. तोंड मात्र पाहिलं नाही. बाळ रडलं की हे गच्चीत जायचे.

बारशाच्या दिवशी सकाळी पाळण्याला झेंडूच्या माळा बांधता बांधता अपूर्वा आईला म्हणाली, "बाबांना मुलगा हवा होता का गं?"

"काहीतरीच काय बोलतेस."

"मग बघत का नाहीत? आई, मी आज कार्यक्रम झाला की कोथरूडला जाणार. आणि पुन्हा राहायला नाही यायची. माझ्या लेकीने मोठं होऊन हे बघावं असं मला नाही वाटत."

उत्तरेश्वर दाराबाहेर फुलांची परडी घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. पण काय सांगणार? परडी उंबऱ्यावर ठेवून ते स्वयंपाकघरात जाऊन बसले.

सांगायचं तर एवढंच होतं. अपूर्वा शाळेत जायला लागली त्या वर्षी ते आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेबरोबर होते. जुन्याच हेलिकॉप्टरच्या गनला नवं हेल्मेट जोडलेलं. वैमानिक जिकडे बघेल तिकडे गन आपोआप वळणार. पहिल्यांदा डोक्यावर चढवलं तेव्हा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. नियम एकच होता. काम झालं की आधी कळ दाबून गन सरळ करायची, तिथे अडकवायची, मग हवं तिकडे बघायचं. त्या दिवशी डोंगरावरून धान्याच्या गाड्यांवर गोळीबार होत होता. उत्तरेश्वरांनी तो थांबवला, चोख थांबवला. मग हुश्श केलं आणि खाली पाहिलं. केळीच्या बागेतून एक बाई चालली होती, पाठीला पोर बांधलेलं. पोराचं डोकं तिच्या पाठीवर डुलत होतं. अपूर्वा अशीच कौशल्येच्या खांद्यावर झोपायची. त्यांना गलबलून आलं आणि ते त्या पोराकडे बघत राहिले, मायेने, मन भरेपर्यंत.

कळ दाबायची राहिली होती.

बाईने वर पाहिलं. तिला माया कुठून दिसणार? तिला आपल्यामागे वळत येणारी नळी दिसली. तिने पोर सोडवून पोटाखाली घेतलं आणि चिखलात पालथी पडली. काय झालं ते उत्तरेश्वरांना कळेना, म्हणून ते आणखी निरखून बघू लागले. मग कळलं. गोळी सुटली नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण ती बाई ते लांब जाईपर्यंत उठली नव्हती.

पुढे देशातच नवी हेलिकॉप्टरं तयार होऊ लागली, तेव्हा त्यांना पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सल्ल्यासाठी बोलावत. तिथे त्यांनी एकच धोशा लावला होता: ट्रिगरवरचं बोट उचललं की गन आपली आपण सरळ व्हायला हवी. "सर, पायलटच्या नजरेवर भरवसा ठेवायचा की नाही?" तरुण इंजिनीअर विचारायचे. "नाही," हे म्हणायचे. शेवटी कंटाळून त्या पोरांनी तशी सोय केली. स्वप्नातल्या हेलिकॉप्टरला मात्र ती कुणी बसवली नाही.

कौशल्याबाई स्वयंपाकघरात आल्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी डब्यातून मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या, दोन सुक्या मिरच्या घेतल्या.

"बाळाची दृष्ट काढतेस?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

"तिला काय झालंय? तिच्या गालावर तीट आहे. तुम्ही उभे राहा."

"माझी?"

"इतकी वर्षं झोपेत मला सांगताय, बाई ऊठ, गोळी नाही सुटली, मी बघत नाही. बाई ऊठ, मी बघत नाही. मला काय कळत नाही होय? वाटलं, आज बोलाल, उद्या बोलाल." त्यांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेतल्या. "तुम्ही नुसतं बघितलं होतंत हो. आता उभे राहा आणि डोळे मिटा."

त्यांनी मूठ डोक्यावरून पायापर्यंत ओवाळली, पुटपुटत, तीनदा. मग मुठीतलं सगळं तापल्या तव्यावर टाकलं. मोहऱ्या तडतडल्या, मिरचीचा खाट उठला, दोघंही खोकली. उत्तरेश्वरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते काही केल्या थांबेना.

बाहेर आत्याने, म्हणजे जावयांच्या चैतालीताईने, बाळाच्या कानात नाव सांगितलं होतं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटेही घातले होते. राजनंदिनी. एवढ्याशा जिवाला एवढं लांबलचक नाव. पाळण्याभोवतीची गर्दी पांगली तेव्हा उत्तरेश्वर पुढे आले. अपूर्वा बाजूला झाली नाही, पण तिने अडवलंही नाही.

त्यांनी पाहिलं. कपाळ, भुवया, तीट, आणि जागे, काळेभोर डोळे. ते डोळे त्यांच्याकडे लागलेले होते. उत्तरेश्वर घाबरून डावीकडे सरकले. बाळाची नजर सावकाश डावीकडे वळली. ते उजवीकडे सरकले. ती उजवीकडे आली, जरा रेंगाळत, पण नेमकी त्यांच्यावर.

वरून हेलिकॉप्टर गेलं, फडताळातले डबे थरथरले. उत्तरेश्वर जागचे हलले नाहीत.

"अपूर्वा," ते म्हणाले, "ही माझ्याकडे बघतेय."

"मग बघू दे की, बाबा," अपूर्वा म्हणाली, आणि तिने माळांची उरलेली दोरी बाजूला ठेवून त्यांच्यासाठी पाळण्याजवळ खुर्ची ओढली.