माझ्या जड पायाची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनं खोटं विमान आहे. कागदोपत्री माझं नाव सिम्युलेटर, पण शिकणारी मुलं मला खोटं विमानच म्हणत. मला पंख नाहीत. एक बंद खोली, एक खुर्ची, समोर वेग-उंची दाखवणारे काटे आणि खाली विमान डावं-उजवं वळवायची दोन पॅडलं, एवढाच माझा संसार. जमिनीवर बसल्या बसल्या मी माणसांना उडायला शिकवत असे. हल्ली मी सोलापूरच्या एका कॉलेजात, पत्र्याच्या शेडमध्ये असतो. माझ्या पोटात एक गोष्ट फार वर्षं आहे आणि ती मला सुखानं जगू देत नाही.

तरुणपणी मी हवाई दलाच्या एका दूरच्या तळावर होतो. तिथले शिक्षक मृत्युंजय सर अक्कलकोटकडचे. शिस्तीचे कडक, पण मला रोज स्वतःच्या हातानं पुसत. एका वर्षी माझ्या डाव्या पॅडलची स्प्रिंग तुटली. नवी मागवली, ती काही आली नाही. मग तळावरच्या कारखान्यातल्या लोकांनी तिच्या जागी एक जाडजूड स्प्रिंग बसवून दिली. तेव्हापासून माझा डावा पाय जड झाला. माझ्यावर शिकणारं पोर डावं पॅडल जोर लावूनच दाबू लागलं. खऱ्या विमानात ते पॅडल अगदी हलकं असतं.

सरांना हे ठाऊक होतं. पण त्यांची एक पद्धत होती. ते मुलांना आधी काही सांगत नसत, आणि तोवर खऱ्या विमानात पॅडल स्वतःच सांभाळत. चोवीस आठवड्यांच्या शिक्षणात अठराव्या आठवड्याला ते मुलाला माझ्यात बसवत, लगेच खऱ्या विमानात नेत आणि मग म्हणत, "कळलं? यंत्रालाही खोड असते. पायावर विसंबू नकोस, काट्यांकडे बघ." पुढचे सहा आठवडे ती सवय मोडण्यात जात. मुलं आयुष्यभर तो धडा विसरत नसत. सरांची वाहवा होई आणि माझीही. खोड असूनही कौतुक झालं की कोणाला नको असतं?

मग सीमेवर लढाई पेटली. वैमानिक कमी पडू लागले. वरून हुकूम आला, चोवीसचे सोळा आठवडे करा. रात्रंदिवस माझी खुर्ची गरम राहू लागली. घाईगर्दीत सरांनी शेवटचे आठ आठवडे सरळ कापले. त्यात अठरावाही गेला. तो धडा अलीकडे आणायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. मला आठवत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

त्या तुकडीत मंद्रूपचा अजिनाथ होता. मेंढपाळाच्या घरचा, लई कष्टाळू पोरगा. सोळा आठवड्यांत त्यानं माझं डावं पॅडल हजारदा दाबलं असेल. शिक्षण संपवून सुटल्यावर पंधराच दिवसांत तो पहिल्यांदाच स्वतः एक विमान उतरवत होता. मागच्या सीटवर त्याचा मित्र प्रभु बसला होता. उतरताना अजिनाथनं डावा पाय दाबला, माझ्यावर दाबायचा तसाच, जोर लावून. विमान एका अंगावर कलंडलं आणि शेतात पडलं. अजिनाथ वाचला, गुडघा मात्र कायमचा गेला. प्रभु जागीच गेला.

चौकशी झाली. कागदावर वैमानिकाची चूक लिहिली गेली आणि सगळं खापर अजिनाथच्या डोक्यावर फुटलं. मृत्युंजय सर मूग गिळून गप्प बसले. त्यानंतर त्यांनी मला कधी पुसलं नाही. वर्षानुवर्षं माझ्यावर धूळ साचत गेली. शेवटी मी लिलावात निघालो तेव्हा निवृत्त झालेल्या सरांनीच मला या कॉलेजात आणवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ते शनिवारी मुलांना शिकवायला येतात, पण डाव्या बाजूला कधी उभे राहत नाहीत.

गेल्या महिन्यात टीव्हीवर पुन्हा लढाईच्या बातम्या सुरू झाल्या. कॉलेजनं अजिनाथला मुलांशी बोलायला बोलावलं. तो आता मंद्रूपला शेळ्या पाळतो. लंगडत आला, सरांना वाकून नमस्कार केला. पूनम नावाच्या एका मुलीनं विचारलं, "काका, युद्धात वैमानिकांचं शिक्षण कमी करता येईल का?"

"येतं की," अजिनाथ म्हणाला. "फकस्त पोरगं हुशार पायजे. मी न्हवतो. माज्यामुळं माजा दोस्त गेला."

सर माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "अजिनाथ, यात बस. डावं पॅडल दाब."

तो कसाबसा आत बसला. त्यानं दाबलं. "जड हाय."

"आणि खऱ्या विमानातलं?"

अजिनाथनं पॅडल पुन्हा एकदा दाबून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला माहीत होतं," सर म्हणाले. "अठराव्या आठवड्यात सांगायचो. तुला सोळाव्यात सोडलं. तुझी चूक नव्हती. चौकशीतही बोललो नाही, माझी नोकरी जाईल म्हणून."

"पंचवीस वर्सं, सर?" अजिनाथ हळूच म्हणाला. "पंचवीस वर्सं मी प्रभुच्या आईच्या, फुलाबाईच्या दारात गेलो न्हाय. तिचं कुंभारी किती लांब हाय हितनं?"

"मी माफी मागतो."

"मला नगा सांगू. फुलाबाईला सांगा. तिच्यासमोर सांगा."

सरांनी काठी घेतली. दोघं एका रिक्षात बसून कुंभारीला गेले. फुलाबाई काय म्हणाली ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि ऐकायची माझी छातीही नाही.

पूनमच्या प्रश्नाला मात्र मला उत्तर द्यायचं आहे. मित्रांनो, निकड असेल तर शिक्षण कमी करावं लागेल. पण कापण्याआधी त्या आठवड्यांत काय आहे ते बघा. शिकवायला वेळ कमी लागतो, चुकीची सवय मोडायला जास्त लागतो. आम्हा यंत्रांची निगा जरूर राखा, आम्हाला पुसा, तेल घाला. पण आमच्यात खोड असेल तर ती पहिल्याच दिवशी, पहिल्याच मुलाला सांगून टाका. आम्हाला सांगता येत नाही. ज्यांना येत होतं ते गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यात मीही होतो.