माळावरचा पायाळू

पायाळू माणसाकडे वीज धावते, हे शिरूर अनंतपाळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून आभाळ गडगडलं की गुरुबसप्पा हातचं काम टाकून घरात शिरायचा आणि लोक त्याला अदबीनं वाट द्यायचे. तो म्हणे पायाकडून जन्मलेला. त्याची हलकी लाथ बसली की कंबरेची लचक निघते असा लौकिक होता, आणि दुष्काळात तर विहिरीची जागा दाखवायला त्याला बैलगाडी यायची. एवढा मान सरपंचालाही नव्हता.

आईच्या माघारी खरी गोष्ट दोघा बहीणभावांनाच माहीत. पायाळू होती त्याची थोरली बहीण शिवम्मा. पायाळू पोरीला कोण करून घेणार, म्हणून आईनं पुढं ते धाकट्याच्या नावावर खपवलं. आता शिवम्मा माहेरीच राहायची, आणि भाऊ कुणाच्या कंबरेत लाथ घालू लागला की तोंडाला पदर लावून हसायची. गुरुबसप्पाचा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मान मात्र त्याला हवा होता, आणि भरपूर हवा होता.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या साली उदगीरचा फोटोवाला सिद्धलिंग गावात आला. नव्या जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्याला विजेचा फोटो लावायचा होता. पण ढग नुसते कोरडे कडाडायचे. कॅमेरा इकडे तर वीज तिकडे. गुरुबसप्पानं पारावर फुशारकी मारली होती की वीज त्याच्या हाकेला येते, पण हुकमाशिवाय अंगाला लागत नाही. सिद्धलिंगानं सगळ्यांच्या देखत तेच धरलं.

"मग अप्पा, तुमी निस्तं माळावर हुबं राव्हा. बाकी मी बघतो."

गुरुबसप्पानं मनात हिशेब केला. आपण पायाळू नाहीच, तर वीज येतेय कशाला? नाही आली तर कॅमेऱ्याला भ्याली म्हणून सांगू. तो हो म्हणाला.

सांजेला ढग दाटले. सिद्धलिंगानं तिकाटण्यावर कॅमेरा रोवून शटर उघडं ठेवलं. गुरुबसप्पानं ऐटीत हात वर केला आणि वीज मागच्या बाभळीवर कोसळली. तो उताणा पडला तो कंबर धरूनच उठला. लोक धावले, पाया पडले. कंबरेत सणक भरली होती, पण पायाळूनं आपली लचक कुणाला सांगायची? घरी येताना त्यालाच वाटू लागलं, आईनं उगाच नाही आपलं नाव लावलं.

चार दिवसांनी सिद्धलिंग फोटो घेऊन आला. गावानं वीज पाहिली. गुरुबसप्पानं बाभळीजवळ उभी असलेली बाई पाहिली. शिवम्मा भावाची फजिती बघायला गुपचूप मागं आली होती, आणि वीज तिच्या अगदी शेजारी उतरली होती. म्हणजे वीज खरंच पायाळूकडे धावली होती.

तेवढ्यात पुन्हा गडगडलं. दाराशी हार घेऊन माणसं जमली; अप्पा माळावर गेले तर या खेपेला पाऊसही पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. गुरुबसप्पा आत वळला, तर शिवम्मा चपला घालत होती.

"अक्का, पाया पडतो तुझ्या," तो कसाबसा वाकत म्हणाला, "तू घरीच बस."

"बसते की. पर उद्यापासनं लाथ मी मारणार, समद्या गावाम्होरं."

बाहेर लोक हाका मारत होते. गुरुबसप्पानं एकवार आभाळाकडं पाहिलं आणि मान डोलावली. पण वाकलेली कंबर काही सरळ होईना.

"उद्या कशाला," शिवम्मानं चपला काढल्या. "वळ तिकडं."

तो निमूट वळला.