भस्मकेतूची भाकरी

"आता आन् कशाला ते बघायचं? समदं ठावं तर हाय मला," नकुशीआत्या म्हणाली आणि मेथीची जुडी घेऊन मुद्दाम टीव्हीकडे पाठ करून बसली.

महेंद्र वायरींच्या गुंत्यात डोकं घालून हसला. "तुला ठावं हाय गं. मी मातर अर्धंच बघितलंय."

शिरूरजवळच्या कारखान्यात फिटर असलेला हा बाप्या आज रजा टाकून, मांडीवर सीडी प्लेअर घेऊन, लेकीसह एसटीनं दौंडला आत्याकडे आला होता. बाजारात जुन्या सिनेमांच्या ढिगात त्याला 'रणदल'च्या दोन सीड्या सापडल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बायकोनं त्याला वेड्यात काढलं होतं.

रणदल म्हणजे नव्वदच्या सुमाराला रविवारी सकाळी लागणारी मालिका. त्यातले निळे वीर खेळणी म्हणून दुकानातही मिळायचे, पण वस्तीतल्या पोरांनी ते फक्त काचेआडून बघितलेले. मालिका तेवढी फुकट होती. अडचण एकच. रेल्वे लायनीपलीकडच्या या वस्तीत सगळ्यांनी एकाच तारेवर आकडे टाकलेले, आणि रणदलाच्या वेळेला घरोघरचे टीव्ही एकदम सुरू व्हायचे. ऐन लढाईला तोंड लागलं की डीपीवरचा फ्यूज उडायचा. रविवारी वायरमन कुठून येणार! वस्तीभर पोरं नुसती हळहळत बसायची.

महेंद्रला मात्र आत्या होती. ती रेल्वे कॉलनीत एका साहेबाकडे धुण्याभांड्याला जायची, आणि तिथली लाइट कधी जात नसे. आईवेगळा महेंद्र तिची वाट बघत उंबऱ्यात बसायचा, हातात भस्मकेतू घेऊन. हा काळा, दाढीवाला भस्मकेतू म्हणजे रणदलाचा वैरी. साहेबाच्या पोरानं त्याचा हात मोडून कचऱ्यात टाकलेला, आत्यानं उचलून आणलेला. महेंद्रकडे खेळणं असं तेवढं एकच. आत्या यायची, पदराला हात पुसायची आणि सुरू करायची, "तर मंग काय झालं..."

तिच्या गोष्टीत भस्मकेतू हरायचा, पण मरायचा नाही. वीरांची आई त्याला घरी बोलवायची, आधी पोटभर भाकरी वाढायची आणि मग सगळ्यांच्या देखत चांगली कानउघाडणी करायची. पुढच्या रविवारी गडी पुन्हा पहिल्यासारखा वागायचा, पण त्याला इलाज नव्हता. मालिका चालायला हवी होती.

या गोष्टी आता महेंद्रच्या सहा वर्षांच्या लेकीला, मोनालीलाही पाठ होत्या. आत्याला ती आजी म्हणायची, आणि एकहाती भस्मकेतू आता तिच्या उशाशी झोपायचा.

पहिली सीडी सुरू झाली. पुठ्ठ्याचे डोंगर, दोरीला लटकणारं विमान. महेंद्रला हसू आलं आणि भरूनही आलं. फ्यूज उडायचा ती जागा आली तसा तो सवयीनं दचकला. लाइट गेली नाही; वस्तीत आता घरोघरी मीटर होते. निळ्या वीरांनी भस्मकेतूला लाथ घालून दरीत ढकललं, सगळे खदाखदा हसले आणि भाग संपला.

"आजी, भाकरी कुठाय?" मोनालीनं विचारलं.

 आत्याच्या हातून मेथीची पानं कचऱ्यात आणि देठ ताटात पडत होते.

"ह्यो दुसराच भाग हाय," महेंद्रनं ठोकून दिलं. मोनालीला बाहेर शेळीचं करडू बघायला पाठवून तो आत्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

"आत्या, तू बघितलंच नव्हतंस?"

"मी कवा बघनार रं? मोरीत भांडी घासत व्हते. धाडधूड आवाज येयाचा तेवढा." ती चहाच्या पातेल्याकडे बघत बोलत होती. "पन तू दारात ते मोडकं धरून बसलेला. त्येला मारलं म्हून कसं सांगू तुला? नकोसा म्हून टाकला व्हता त्येंनी. मी म्हनलं, चल माझ्यासंगं."

 लोकांची खरकटी भांडी घासून ही बाई दर रविवारी महेंद्रसाठी नवी गोष्ट घेऊन यायची, आणि त्याला वाटायचं, टीव्हीवाले काय चांगले लोक आहेत! 

"पोरीला सांगू नगंस," आत्या हळूच म्हणाली. "खोटारडी म्हनंल मला."

पण मोनाली परत आली ती हट्ट धरूनच. शेवटचा भाग बघायचाच! तिनं भस्मकेतूला मांडीवर बसवलं. "आता जेवायला येईल बघ," ती त्याला सांगत होती.

पडद्यावर भस्मकेतूला दोरखंडानं बांधून आणलं. समोर आगीचा खड्डा पेटला होता. लोक ओरडत होते. मोनालीनं बाहुला छातीशी घट्ट धरला. आत्या स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभी होती.

महेंद्र उठला, दाराशी गेला आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला.

टीव्ही विझला. पंखा हळूहळू थांबला.

"बाबा! आत्ताच कशी गेली?"

"ह्या वस्तीत रणदल लागलं की जातीच. आमच्या येळंपासनं."

शेजारच्या घरातली विजेची पिठाची गिरणी जोरात चालू होती. आत्यानं तिकडे कान दिला, मग महेंद्रकडे पाहिलं.

"आजी, तू बघितलंयस ना शेवटचं?"



"तिनं समदं बघितलंय," महेंद्र म्हणाला.

आत्या मोनालीजवळ येऊन बसली. तिनं पदराला हात पुसले. "तर मंग काय झालं..."

महेंद्र उंबऱ्यात, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसला. शेवट त्यालाही ऐकायचा होता.