बारावा डाव, भागम्माची माती

"वाजवायचं न्हाई म्हंजे?" रुद्रेशचा आवाज चढला. "अव्वाच्या मातीला वाजवायचं न्हाई?"

अंगणात टाळ-मृदंग घेऊन बसलेल्या भजनी मंडळानं माना वर केल्या. श्रीशैलनं धाकट्या भावाचा दंड धरला आणि त्याला नळाकडं नेलं.

"सगळ्या रस्त्यानं न्हाई म्हनलो का मी? मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यापासून पेट्रोल पंपापर्यंत. तेवढंच. पंपाच्या पुढं गेल्यावर वाजवा की मोकळं."

"चाळीस वर्सं ती दुसऱ्याच्या मयतापुढं टाळ घेऊन चालली, अण्णा. कोनाला म्हनली का कधी, थांबा, हितं गप बसायचंय?"

श्रीशैलनं ओसरीकडं पाहिलं. त्यांची आई, भागम्मा, भिंतीला टेकून बसली होती. पहाटे झोपेतच गेली. आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन तिला बसवलं होतं. त्यांच्यात, लिंगायतांत, माणूस बसूनच मातीत जातो. मान किंचित पुढं आली होती. भजनाला सुरुवात करण्याआधी ती अशीच बसायची, सगळे आलेत का ते ऐकत. "मी गेल्यावर रडू नका," असं ती पुष्कळदा म्हणायची, "पर वाजवायला कमी करू नका."

"मागच्या रस्त्यानं नेऊ," श्रीशैल म्हणाला.

"मागं नालीसाठी खोदून ठेवलंय. डोली काय डोक्यावर घेऊन उडी मारायची?" ओसरीवरून त्यांची बहीण वैजयंती बोलली. ती सकाळीच जिंतूरहून आली होती, आईच्या पायाशी बसून होती. "तुझ्या सोंगट्यायपायी अव्वाला चोरून न्यायलास काय?"

सोंगट्या हा शब्द त्याला नवा नव्हता. बाजार समितीत तो कारकून होता, नोकरीची दोन वर्षं उरली होती, आणि तरुणपणापासून तो जिल्हा बुद्धिबळ संघाचा सचिव होता. खेळाडू म्हणून सामान्य. शाळेतली पोरंसुद्धा त्याला हरवायची. पण पट मांडणं, खुर्च्या आणणं, पंचांच्या जेवणाचं पाहणं, गाडीची वेळ पाळणं, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नातेवाइकांच्या लग्नात पंगतीला कोण बसायचं राहिलं आणि मयताला अजून कुणाला कळवायचं राहिलं, हेही तोच पाहायचा. स्वतः कधी पहिल्या पंगतीला बसला नाही.

तीन महिन्यांपूर्वी दृष्टिहीन खेळाडूंच्या जागतिक अजिंक्यपदाची लढत जिथं व्हायची होती, त्या शहरानं अंग काढून घेतलं. राष्ट्रीय संघटनेच्या माणसानं देशभर फोन लावले. परभणीला फोन आला तेव्हा श्रीशैल कापसाच्या आवकेची नोंद करत होता. "करतो," एवढंच तो म्हणाला. गावात लोक हसले. जगाची लढत आणि परभणीत?

पण त्यानं केलं. पोलंडचा मारेक आणि तमिळनाडूचा सेल्वन, दोघंही जन्मांध. त्यांच्यासाठी कृषी विद्यापीठाच्या विश्रामगृहात खोल्या घेतल्या. जिंतूर रस्त्यावरचं मंगल कार्यालय लग्नसराई संपल्यामुळं मोकळं होतं, ते घेतलं. खुर्च्यांच्या पायांना रबर लावलं, खिडक्यांना थर्माकोल ठोकलं. शेजारच्या देवळातल्या घंटेच्या लोलकाला पुजाऱ्याच्या हातानंच फडकं बांधून घेतलं. मशिदीत जाऊन विनंती केली, तिथं त्यांनी भोंग्याचं तोंड खुशीनं दुसरीकडं वळवलं. शांतता हेच खरं काम होतं. डोळस खेळाडू समोरच्याची चाल पाहतो. इथं प्रत्येकाचा पट वेगळा, भोकांत सोंगट्या खोचलेल्या, बोटांनी चाचपून कळणाऱ्या. खेळी करणारा ती मोठ्यानं बोलतो आणि दुसरा ती ऐकून आपल्या पटावर खेळतो. बाहेरचा आवाज आत आला की पटच झाकला गेल्यासारखं होतं.

सातव्या डावात तसं झालं. कपड्यांच्या सेलची जाहिरात करणारा ऑटो कर्णा लावून कार्यालयासमोर उभा राहिला. मारेकनं तक्रार केली, डाव रद्द झाला, पुन्हा खेळावा लागला. मुख्य पंच दिनकरराव नागपूरचे, मऊ बोलणारे. त्यांनी श्रीशैलला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर उरलेली लढत हैदराबादला हलवायचं वरून ठरलं आहे. त्या दिवसापासून श्रीशैल स्वतः फाटकाशी उभा राहू लागला.

आज बारावा डाव होता, शेवटचा. दोघांचे गुण सारखे होते.

"बसवंतमामा, तुमीच सांगा," रुद्रेशनं कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला हाक दिली.

बसवंतराव भागम्माचा धाकटा भाऊ. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, घसा खाकरला. "थोरला हाय तो. त्याची आई हाय. तो म्हनतो तसं करू." मग श्रीशैलकडं वळून म्हणाले, "पर तू खांद्याला असला पायजे बाबा. कार्यालयाम्होरून आमी गुमान जाताव. तिथून तू संगट चल. पंपापाशी तू आलास की वाजवायला सुरू."

"येतो मामा. फाटकावरूनच सामील होतो."

"तुजी ती मान्सं तुला सोडतील का?" वैजयंतीनं विचारलं.

"त्यायला कोन सांगणारंय?"

त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दहा वाजता डाव सुरू झाला तेव्हा तो नेहमीसारखा इस्त्रीच्या शर्टात होता. बुद्धिबळातली माणसं त्याला अप्पा म्हणायची. दिनकररावांनी विचारलं, "काय अप्पा, डोळे लाल दिसतात?" तो म्हणाला, "जागरन. शेवटचा दिवस हाय ना."

बाराच्या सुमारास डोली वळणावर दिसली. श्रीशैल रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हातांनी वाहनं थांबवली. एक ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवणार तेवढ्यात श्रीशैलनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं हात मागं घेतला. "कोन गेलं हो?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं. श्रीशैलनं फक्त ऑटो बाजूला घ्यायची खूण केली.

डोली झेंडूच्या माळांनी भरली होती. आत भागम्मा बसलेली, प्रत्येक पावलाला मान हलत होती. पुढं भजनी मंडळ. बायकांनी टाळ एकमेकांवर दाबून छातीशी धरले होते. मृदंगवाल्यानं दोन्ही तोंडांवर पंजे ठेवले होते. विधी करणाऱ्या जंगम महाराजांचे नुसते ओठ हलत होते. दीडशे माणसं चालली होती आणि वहाणांच्या घासण्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. श्रीशैलनं आयुष्यात इतकी नीट पार पडलेली व्यवस्था पाहिली नव्हती.

रुद्रेश पुढच्या दांडीला होता. जवळून जाताना त्यानं भावाकडं पाहिलं नाही.

शेवटची माणसं फाटक ओलांडून गेली. श्रीशैलनं चपला काढून भिंतीशी ठेवल्या आणि अनवाणी निघाला. चारच पावलं गेला असेल.

"अप्पा!" मागून कुजबुज आली. अंधशाळेच्या शिक्षिका मनिषाताई फाटकात उभ्या होत्या. आत खेळी पुन्हा उच्चारून सांगायचं काम त्यांच्याकडं होतं. "मारेकचं घड्याळ बोलेना झालंय. कानात वेळच ऐकू येत नाही त्याला. दुसरं घड्याळ कपाटात आहे, किल्ली तुमच्याकडं. डाव थांबलाय."

श्रीशैलनं खिसा चाचपला. किल्ली होती. ती नुसती देऊन टाकता आली असती. पण राखीव घड्याळात वेळ भरायची कशी, ते त्यालाच ठाऊक होतं. डोली पंपाच्या अलीकडच्या वडापर्यंत गेली होती.

"चला, पाच मिनिटांत करून देतो."

पाच मिनिटांत झालंही. त्यानं वेळ भरली, दिनकररावांनी पडताळली, मारेकनं कानात इयरफोनची बोंडी घालून मान डोलावली. श्रीशैल दाराकडं वळला, तर मनिषाताईंनी दार लावून घेतलं होतं. त्या दाराची बिजागरी कुरकुरायची. तेल घालून, मेण लावूनही आवाज जात नव्हता, म्हणून डाव चालू असताना दार तासातून एकदाच उघडायचं असा नियम होता. नियम श्रीशैलनंच केला होता.

"एव्हा पाच," मारेकनं खेळी सांगितली; एव्हा म्हणजे पटावरची ई ही उभी रांग. "एव्हा पाच," मनिषाताई म्हणाल्या. सेल्वनची बोटं पटावरून फिरू लागली.

श्रीशैल दाराशेजारच्या खुर्चीवर बसला. हात कडीपर्यंत गेला आणि परत मांडीवर आला. दिनकररावांनी वर पाहिलं, भुवया उंचावल्या. श्रीशैलनं काही नाही म्हणून मान हलवली.

तो कान देऊन ऐकत होता. पंप काही लांब नव्हता. आता टाळ वाजले असतील, जंगम महाराजांनी शिवनामाचा गजर सुरू केला असेल. आत काहीच येत नव्हतं. थर्माकोल चांगलं बसलंय, असं त्याच्या मनात आलं, आणि आपल्याला या वेळी हे सुचावं याची त्याला लाज वाटली.

तास झाला तेव्हा मारेकची वेळ संपत आली होती, प्रत्येक खेळीमागं मिळणाऱ्या जादा सेकंदांवर तो खेळत होता. खेळ्या भराभर होत होत्या, दार उघडायची सोय नव्हती. अडीचच्या पुढं सेल्वननं पटावरचा आपला राजा चाचपला, आडवा केला आणि हात पुढं केला. मारेकनं तो हात हवेत शोधला. सापडल्यावर दोघंही बराच वेळ तो धरून उभे राहिले.

टाळ्या सुरू झाल्या तसा श्रीशैल बाहेर पळाला. फोनवर रुद्रेशचे आणि मामांचे हुकलेले फोन होते. त्यानं रुद्रेशला उलट फोन लावला.

"झालं सगळं," रुद्रेश म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा राग बरा होता. "पंपापाशी थांबलाव आमी. मामा म्हनले, थोरला आला की वाजवू. लय वेळ थांबलाव. ऊन लागायलं बायकायला, वैजूला चक्कर आली. मंग निघालाव."

"मंग... वाजवलं ना पुढं?"

"कोनाचा हातच उठला न्हाई, अण्णा. तसंच नेलं."

बक्षीस समारंभ चार वाजता होता. हार, माइक, दोन भाषांतली आभारपत्रं, विदेशी पाहुण्यांची नांदेडला जायची गाडी, सगळं ठरल्याप्रमाणं झालं. श्रीशैलला व्यासपीठावर बोलावून शाल पांघरवली. दिनकररावांनी भाषणात त्याच्याविषयी चांगलं सांगितलं. खाली उतरल्यावर मनिषाताईंनी दिनकररावांच्या कानाशी काहीतरी म्हटलं; कोण गेलं ते त्या ऑटोवाल्यानं मागून मयतातल्या माणसांना विचारलं होतं, फाटकावर त्याच्याकडून त्यांना कळलं होतं. दिनकरराव तसेच श्रीशैलकडं आले.

"अप्पा, आई?"

"हौ."

"अहो, एक शब्द बोलायचा. दोघांना विचारून मी घड्याळं थांबवली असती. नियमात बसतं ते."

"ठाऊक हाय मला नियम," श्रीशैल म्हणाला.

"मग?"

श्रीशैलनं शालीचं टोक खांद्यावर सारखं केलं. आपल्यासाठी कुणी थांबावं, हे त्याला कधी मागताच आलं नव्हतं. पण ते आता सांगून काय उपयोग होता. "तुमची गाडी लागलीय साहेब," तो म्हणाला. "पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्यात."

दिवस कलला तेव्हा तो रुद्रभूमीत पोचला. बाभळींच्या सावल्या लांब झाल्या होत्या. ताजा ढिगारा एकच होता, त्यावर बेलाची पानं आणि सुकत चाललेला झेंडू. तिथला राखणदार मुंजाजी बाजूला काट्या तोडत बसला होता.

"कोनाकडं आलाव साहेब?" शालीकडं पाहत त्यानं विचारलं.

"इथं दुपारी माती झाली..."

"झाली की. ही बगा. म्हातारी व्हती कोनतरी." मुंजाजीनं कुऱ्हाड खाली ठेवली. "तुमच्या लोकायचं मयत लांबून कळतं मला, टाळ वाजत येतेत. खड्ड्यातून वर येऊन हात धुयाला टाईम मिळतो. आज काईच न्हाई. मान वर केली तर डोली म्होरं हुबी. मी म्हनलं, बेवारस हाय का काय. दवाखान्यातून आनतेत ना, तशी."

श्रीशैल ढिगाऱ्याजवळ गेला.

"मंग मान्सं बगितली तर लय व्हती," मुंजाजी म्हणाला. "तुमी कोन तिचे?"

"थोरला."

मुंजाजीनं त्याच्या अनवाणी पायांकडं पाहिलं. "मूठ टाकायची ऱ्हायली असल तर टाका," तो म्हणाला.

श्रीशैल खाली वाकला. पाणी शिंपडलेली माती गार होती. त्यानं मूठ भरली, ढिगाऱ्यावर ठेवली आणि तळव्यानं दाबली. काही म्हणावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. आईच्या कितीतरी भजनांच्या पहिल्या ओळी त्याला येत होत्या, पण इतकी वर्षं कुणाला पाणी, कुणाला सतरंजी बघत असताना त्यानं एकही भजन शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

"कुत्री लय झालीत," मुंजाजी म्हणाला आणि बाभळीच्या काटीचं एक टोक त्याच्यापुढं केलं. "धरा जरा."

श्रीशैलनं शाल काढून बाजूच्या दगडावर ठेवली. दोघांनी मिळून ढिगाऱ्यावर काट्या रचल्या. मुंजाजी हात झाडत निघून गेला, तरी श्रीशैल चारी बाजूंनी फिरून पाहत होता. पायथ्याशी एक फट राहिली होती. त्यानं आणखी एक काटी ओढत आणली आणि ती फट बुजवली.