मशीनचा वाटा

खारदांड्याच्या कोळीवाड्यात मासळी पुरुषाने आणायची आणि तिचा भाव बाईने करायचा, हा रिवाज. पैसा बाईच्या कमरेला. विलेपार्ल्याच्या सबनीस वकिलांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढची शोभा टळली असती.

एकाहत्तर साली घोडबंदर रोडवर एका कंपनीच्या ट्रकने बळवंतला उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. एका पायावर होडीत उभं राहून जाळं ओढता येत नाही, आणि जो ओढत नाही त्याला मासळीत वाटा नाही. दोन वर्षं बळवंत ओट्यावर बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी शिवत होता. त्याची बायको मंजुळा बाजारातून आली की त्याच्याकडे बघायचं टाळायची, इतकं ते तिच्या जिवाला लागायचं. तिने मनाशी एकच धरलं होतं. भरपाई मिळाली की दीर लहूच्या शिडाच्या होडीला एक जुनं मशीन घ्यायचं. मशीन ज्याचं, त्याला मशीनचा वाटा. आणि मशीन बसूनही चालवता येतं.

कोर्टाने नऊ हजार दिले. मंजुळाने अख्ख्या आळीला साखर वाटली. बळवंत मात्र मान खाली घालून बसला.

"अर्धे वकिलाचे," तो म्हणाला. "इस्पितळात कबूल केलंय मी."

"कुणाला विचारून रे?"

"पाय गेला होता गं. कुणाला काय विचारणार?"

साडेचार हजारांत मशीन येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुबड्यांवरच्या नवऱ्याला घेऊन ती पार्ल्याला वकिलांच्या ऑफिसात गेली. बाहेरच्या बाकावर अशिलांची गर्दी होती. बळवंतच्या नावाचा चेक वकिलांच्या ड्रॉवरमध्ये होता.

"बँकेत मी बरोबर येतो," सबनीस गोड आवाजात म्हणाले. "अर्धे तिथेच द्या. यजमानांनी शब्द दिलाय."

"वकीलदादा, आमच्यात भाव बाईशी करतात. तू भलत्याच माणसाशी केलास."

"बाई, हा मासळीबाजार नाही. कोर्टाचं काम आहे."

"मग चल कोर्टात! आमच्या बाजारात वाट्यावरून तंटा झाला की चार लोकांदेखत मोठ्याने सांगतात, कुणाला किती आणि कशाचे. तू जजसाहेबासमोर सांग, या पायाचे अर्धे माझे म्हणून. तो हो म्हणाला तर मी गपचूप देते."

तिने हे अगदी सरळ मनाने म्हटलं होतं. अशिलाच्या भरपाईत वकिलाने हिस्सा मागायचा नसतो, त्यापायी सनद जाऊ शकते, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण समोरच्याचा चेहरा पडला हे ओळखायला कायदा कशाला लागतो?

"जरा हळू बोला," सबनीस म्हणाले.

कोळणीला हळू बोला म्हणायचं म्हणजे कमाल झाली! मंजुळाचा आवाज जिन्यापर्यंत गेला. बाकावरचे अशील एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारा तर उठून दारातच येऊन उभा राहिला.

"तुझी मेहनत मी बुडवणार नाय," ती म्हणाली. "कोर्टात बोललास, चांगला बोललास. त्याचं काय ते सांग."

"तीन हजार."

"हजार."

"अहो बाई, निदान दोन!"

पंधराशेवर सौदा पटला. ड्रॉवर उघडला, चेक बाहेर आला. मंजुळाने तो बळवंतच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आता वर बघ की रे."

महिन्याभरात लहूच्या होडीला मशीन बसलं. पहिल्या दिवशी होडी दांड्याच्या बंदराला लागली तेव्हा ती मासळीने भरली होती. लहूने वाळूवर वाटे मांडले आणि नावं पुकारली. होडीचा, जाळ्याचा, खलाशांचे, आणि मग सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं, "मशीनचा! बळवंतदादाचा!"

मंजुळा टोपली घेऊन पुढे झाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. बळवंत मात्र होडीतून उतरायलाच तयार नव्हता. कोपरापर्यंत तेलाने माखलेला तो मशीनपाशी बसून राहिला आणि तिथूनच ओरडला, "लहू, उद्या किती वाजता निघायचं रे?"