धाकट्यासाठी दिवे

अप्पांचा गुडघा कामातून गेला, तेव्हा पिकअपची किल्ली थोरल्या लेकीकडे आली. घराच्या मागेच कोंबड्यांची शेड होती. अंडी रोज निघायची आणि ती शहरातल्या दुकानांत पोचवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तिचा धाकटा भाऊ तेव्हा शहरात नोकरीला होता, टाय लावून. आईला साधी सायकल येत नव्हती. थोरलीने लायसन काढलं, ट्रे भरले आणि निघाली. अंड्यांची गाडी चालवायची म्हणजे झोपलेलं मूल कडेवर घेऊन जिना उतरायचा. तिला ते चटकन जमलं.

गाडी जुनी होती, पण इंजिन खणखणीत. रड होती ती हेडलाइटची. सकाळी निघताना अंधार आणि फेरी आटोपून परतताना पुन्हा अंधार. त्या दिव्यांचा पिवळट उजेड बंपरच्या पुढे चार पावलं पडून जणू तिथेच बसकण मारायचा. समोरून एखादी गाडी आली की आपले दिवे चालू आहेत की बंद, तेच कळायचं नाही. टेकडीचा उतार ती डोळ्यांत तेल घालून, स्टिअरिंगला छाती टेकवून उतरायची.

"अप्पा, दिवे करून घेऊ या," ती म्हणायची.

"गाडी इंजिनावर चालते, दिव्यांवर नाही. हळू चालव."

दर वर्षी हेच. कधी शेडचे पत्रे आधी करायचे असायचे, कधी पाण्याची मोटर. मागच्या हिवाळ्यात धुक्यात रस्त्याच्या मधोमध थांबलेली विटांची ट्रॉली तिला अगदी जवळ गेल्यावर दिसली. तिने गाडी बाजूच्या चरात घातली. खांद्याचं हाड मोडलं. अप्पा काठी टेकत दवाखान्यात आले आणि म्हणाले, "अंडी कितीशी वाचली?" दुखतंय का, हेही विचारलं, नाही असं नाही. पण नंतर. गाडीचा बंपर सरळ करून आणला. दिवे तेच राहिले.

मग धाकट्याची नोकरी गेली. ऑफिसच बंद पडलं. तो बॅगा घेऊन घरी आला, आठवडाभर झोपला आणि एके दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "सोमवारपासून गाडी धाकटा नेईल."

थोरलीचा हात ताटातच थांबला. "आणि मी?"

"तू शेड बघ. आईला एकटीला होत नाही. आणि मुलीच्या जातीने किती दिवस दुकानं हिंडायची?"

आईने मान वर केली नाही. धाकटा म्हणाला, "अप्पा, मला रस्ता तरी कुठे माहितेय?" पण ते त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावता लावता म्हटलं.

रस्ता दाखवायला थोरलीने त्याला बरोबर नेलं. जाताना ती चालवत होती, येताना तो. टेकडी उतरून घरी पोचला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "अप्पा, ह्या गाडीला दिवे आहेत की नुसती चित्रं काढलीयत? मला ढिम्म दिसलं नाही!"

अप्पांनी कपाळाला हात लावला. "अरे, मग आधी बोलायचं नाही का!" आणि थोरलीकडे वळून म्हणाले, "उद्याच्या उद्या गाडी घेऊन जा आणि दिवे नीट करून आण. काय लागेल ते नवं घाल. पोराचा जीव काय स्वस्त आहे?"

"आणि माझा स्वस्त होता?"

"तुझी गोष्ट वेगळी," अप्पा म्हणाले. "तुला सवय आहे."

ते हे रागाने बोलले नाहीत. अगदी सहज बोलले, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याला सगळे फ्यूज म्हणायचे, कारण तो पटकन उडायचा. त्याने बॉनेट उघडता उघडताच विचारलं, "आज कशी काय जाग आली तुमच्या अप्पांना?"

"धाकट्याला दिसत नाही."

फ्यूजने तिच्याकडे बघितलं. मग तो वीज मोजायचा मीटर शोधायला आत गेला.

बॅटरीवर वीज भरपूर होती, बल्बपाशी पोचेपर्यंत अर्धमेली होत होती. बॅटरीतून निघून डॅशबोर्डच्या बटणापर्यंत जायचं, तिथून पुन्हा पुढे यायचं, तेही केसासारख्या जुन्या वायरींतून. फ्यूजने रिले काढून दिले. बटणाने आता नुसता हुकूम द्यायचा, वीज बॅटरीतून थेट जाडजूड वायरीने बल्बला जाणार. थोरलीने बाह्या सरसावल्या. वायरी तिनेच ओढल्या. बॉडीला जोडलेल्या वायरीखालचा गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला. आतली चकाकी उडालेले दिवे अख्खेच काढून टाकले आणि नवे बसवले.

शेवटचा स्क्रू पिळताना तिचा हात थबकला. हा एवढा ढिला ठेवला तर काही दिवसांनी गचके खाऊन निसटेल. नेमका टेकडीवर निसटेल. तिने तो विचार पुरता केला, अर्धवट सोडला नाही. धाकटा कसा ब्रेक मारेल, कसा ओरडेल, हेही डोळ्यांपुढे आणलं. मग तिने स्क्रू आवळला, हाताला वळ उठेपर्यंत आवळला.

सपाट जागेवर गाडी उभी करून समोरच्या भिंतीवर उजेडाची उंची जुळवली. फ्यूजने पाना पुसत म्हटलं, "माझ्या हाताखाली काम केलेल्यांना एवढं जमत नाही."

परतताना दिवस मावळला होता. तिने बटण दाबलं आणि रस्ता एकदम उठून समोर उभा राहिला. बाजूचे दगड, झाडांच्या बुंध्यांवरचा चुना, दूर पळणारं मांजर, सगळं दिसत होतं. ओढ्यावरच्या पुलाशी ती आली आणि थांबलीच. पुलाचा डावा कठडा केव्हाच पडलेला होता. दिवसाउजेडी तिने तो बघितला नव्हता असं नाही, पण उजेडात माणूस आपसूक मधून जातो. आता दिव्यांच्या झोतात वाळलेल्या चिखलातल्या चाकांच्या खुणा दिसल्या. तिच्याच चाकांच्या. उजवीकडचे खड्डे चुकवत ती रोज डावीकडून यायची. पुलाची कड आणि ती खूण यांत वीतभर अंतर होतं. कुठे कुठे तेही नव्हतं.

ती खाली उतरली. खुणेवर पाय ठेवून तिने खाली बघितलं. मग गाडीत बसून ती उजवीकडच्या खड्ड्यांतूनच पूल ओलांडून गेली.

अंगणात उजेड पडला तसे अप्पा काठी घेऊन बाहेर आले. "वा! दिवस उगवल्यासारखं झालं की! आता धाकटा निर्धास्त जाईल."

"अप्पा, पुलाचा कठडा पडलाय. माहीत होतं तुम्हाला?"

"माझ्या वेळेपासून पडलाय. म्हणून तर हळू चालव म्हणायचो."

"तुम्ही कसे जायचात?"

"मी कशाला अंधाराचा येतोय? मी दिवस मावळायच्या आत घरात असायचो. तेव्हा दुकानं कुठे एवढी होती?"

ती सगळी जास्तीची दुकानं थोरलीने जोडली होती. तिने किल्ली धाकट्याच्या हातात ठेवली. "ताई, भारी काम केलंस," तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. ती आत गेली आणि आंघोळीच्या पाण्याचा नळ मोठा सोडून रडली.

सोमवारी धाकटा गाडी घेऊन गेला. थोरली शेडकडे फिरकली नाही. लायसन घेऊन ती चालत नाक्यावरच्या बेकरीच्या मालकाकडे गेली. त्याला डिलिव्हरीच्या गाडीवर ड्रायव्हर हवा होता. त्याने लायसन उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिच्यासमोरच अप्पांना फोन लावला. फोनवर तो बराच वेळ हं हं करत राहिला.

"तुझे वडील म्हणतायत, गाडी त्यांचा मुलगा चालवतो. तू कधीमधी सोबतीला जायचीस."

थोरलीने दुकानं सांगायला सुरुवात केली. एकापाठोपाठ एक, कुणाचं शटर कधी उघडतं, कुठल्या गल्लीत गाडी उलटी न्यावी लागते. मालकाने ऐकून घेतलं, पण घरातल्या भांडणात आपण कशाला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"ड्रायव्हरचं नंतर बघू," तो म्हणाला. "सध्या क्रेट चढवायला माणूस हवाय. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. मोडून सांधलेल्या खांद्याला पहिला क्रेट लागला, तेव्हा तिने तो दुसऱ्या खांद्यावर घेतला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही. अप्पा धाकट्याला दुकानांचा हिशेब समजावत होते. आईने दोघांच्या शेजारी तिचं ताट मांडलं. थोरलीने ते उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून जेवली.