पाऊण वाराची खूण

मी गज बोलतोय. खिडकीचा नव्हे, कापड मोजायचा. एक वार लांब, शिसवी लाकडाचा. चिकपेटेतल्या सुताराने मला तासून पाव, अर्ध्या आणि पाऊण वारावर पितळी खिळे ठोकले आणि हणमंतराव शिंप्यांच्या हवाली केलं. त्यांच्या चार पिढ्या बेंगळुरात गेल्या, पण घरात मराठीच. दुकानात मात्र 'ठीक'ला 'सरी' आणि 'थोडं'ला 'स्वल्प' अशी कानडी सर्रास चाले.

मला सगळ्यात जास्त हाताळलं ते त्यांच्या प्रमोदिनीने. शाळा सुटली की ती दुकानात येई, गिऱ्हाइकाचं कापड मोजी आणि त्यात काय काय बसेल ते अण्णांना, म्हणजे वडिलांना, तोंडी सांगे. एका बोटाचाही फरक पडत नसे. मला तिचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

हीच पोर सहावीत, सहामाहीला गणितात नापास झाली. एकोणीसशे पंचावन्न साल होतं. अण्णांच्या हाताशी मीच होतो. त्यांनी मला उचललं आणि तिच्या तळहातावर दोन ओढले.

"दुकानात चुरूचुरू बोलतीस, पेपर बघून काय होतंय गं तुला? वार्षिकला नापास झालीस तर शाळा बंद. मशीनवर बसायचं."

आम्हाला कोण विचारतो म्हणा! पण त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

तिला शाळा सोडायची नव्हती. घोकून घोकून घसा बसला, अपूर्णांक होते तिथेच राहिले.

वार्षिक महिन्यावर आली असताना तिचे गणिताचे मास्तर, मल्लाप्पा, दुकानात आले. तीन मुलींना पोलकी शिवायची होती. ते कानडीत बोलले, तीही कानडीतच. मी आपलं मराठीत सांगतो.

"मेष्ट्रे, हे दोनच वार आहे," कापड मोजून ती म्हणाली. "एकीला पाऊण, तिघींना सव्वादोन. पाव वार कमी पडतंय."

मास्तर बघतच राहिले. "मग पेपरात तीन-चतुर्थांश गुणिले तीन विचारलं, तर नऊ-बारांश का लिहिलंस?"

"ते शाळेचं गणित, मेष्ट्रे. हे कापडाचं."

मास्तरांनी अण्णांचा खडू घेतला आणि माझ्या पाऊण वाराच्या खिळ्यापाशी ३/४ लिहिलं. "तुझा पाऊण म्हणजे हाच. वाराचे चार भाग, त्यातले तीन. आता वाराचे बारा भाग कर आणि त्यातला नववा कुठे येतो ते दाखव."

तिने प्रत्येक पाव वाराचे तीन-तीन भाग केले. मोजत मोजत बोट आलं ते त्याच खिळ्यावर.

"अय्यो! म्हणजे तिघींना मी एकीचंच कापड दिलं!" ती खदखदून हसली.

मास्तर हसले नाहीत. "वर्षभर शिकवलं, पण एवढं मी एकदाही सांगितलं नाही," ते अण्णांना म्हणाले. अण्णांनी मला उचललं. तिने हात मागे घेतला, पण त्यांनी मला नुसतं तिच्यापुढे धरलं. "घे. अभ्यासाला असू दे."

वार्षिकला तिला पंचेचाळीस गुण मिळाले. ती मशीनवर बसली नाही.

पुढे मीटर आला, वार गेला आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. सहासष्ट साली प्रमोदिनी येलहंक्याच्या शाळेत शिक्षिका झाली आणि तिने मला खाली काढलं. अपूर्णांक शिकवायला मला घेऊन ती वर्गात शिरली मात्र, पहिल्या बाकावरच्या चिमुरडीने न सांगताच हात पुढे केला आणि डोळे गच्च मिटले. मला वाटलं, माळाच बरा होता.

प्रमोदिनीने मला त्या पसरलेल्या तळहातावर अलगद ठेवलं.

"डोळे उघड, बाळ. मोजायला आणलाय."

आता माझा पाव वाराचा खिळा पडलाय आणि मधोमध चीर गेली आहे. अजून थोडी वर्षं निघतील. मोडलो तर चुलीत घाला, तक्रार नाही. तोवर मला मुलांच्या हातात द्या. हातावर मात्र पुन्हा मारू नका.